मॉनिटरचा ठराव

सुमनबाईंना मराठी शब्दाचा अर्थ समजावून सांगेल असा माईचा लाल जव्हारात अजून जन्माला यायचा होता. हायस्कुलात चोवीस वर्षं मराठी शिकवलेलं, अक्षर असं की लग्नपत्रिका छापणारेही मजकूर बाईंकडूनच लिहून न्यायचे. म्हणून तर 'उजेड वाचनालय व क्रीडा मंडळा'चं सचिवपद आणि इतिवृत्ताची ती जाडजूड वही गेली नऊ वर्षं त्यांच्याकडं होती. बाई मूळच्या साखरशेतच्या. बाप भात-नाचणी करणारा. त्या घरातून निघून जव्हारच्या शेठ मंडळींच्या मांडीला मांडी लावून बसणं काही खायचं काम नव्हतं, आणि बाई ते एक दिवसही विसरल्या नाहीत. विसरल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडळाचे अध्यक्ष कांतीलालशेठ. हार्डवेअरचं दुकान, पांढरी सफारी, आणि अठरा वर्षं त्याच खुर्चीत बूड. माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणतात. मेल्यावर म्हणतात तसं, जिवंतपणीच म्हणतात. मला विचाराल तर ज्याला कधी कुणी तोंडावर हसलं नाही असा माणूस चांगला की वाईट हे कळायला मार्गच नसतो.

तर झालं असं. वाचनालयात झाडलोट करायला वावर गावाकडच्या पाड्यावरची चैती यायची. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, काटकुळी, डोळे मात्र घारीचे. झाडून पुसून झालं की कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून बंदुकीचा खेळ खेळायची. पाच जण इकडचे, पाच तिकडचे. सुमनबाईंना तो खेळ म्हणजे नुसता धिंगाणा वाटे, पण पोरीला रागवावं तर काम चोख. ठाण्याच्या एका कंपनीनं गावोगावच्या केंद्रांमधून खेळाडू निवडायला स्पर्धा घेतली. चैतीनं वाचनालयाच्या नावानं खेळून त्या खडखड्या यंत्रावर पहिला नंबर काढला. अहो, जिल्ह्यात पहिला! बक्षीस म्हणून कंपनी केंद्राला खास खेळायचा नवा कॉम्प्युटर देणार होती, आणि दिवाळीनंतरच्या रविवारी त्याच कॉम्प्युटरवर चैतीची शेवटची निवड फेरी. निवडली गेली तर ठाण्याला टीममध्ये, राहायची सोय, दर महिन्याला पगार. नाही निवडली तर आईबापाबरोबर भिवंडीकडं वीटभट्टीवर. तिचा टेम्पो ठरलेला होता, म्हणजे दरसालचाच.

"बाई, मी माती तुडवायला नाय जाणार," ती म्हणाली होती. "माझे हात बघा, कसे चालतात. हे हात चिखलात घालू काय?"

बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली होती. मनापासून मारली होती, हे लक्षात ठेवा.

कंपनीचा अर्ज आला. मराठीत होता, पण ते मराठी कुणा माणसानं लिहिलेलं नव्हतं, यंत्रानं इंग्रजीवरून पाडलेलं होतं. मंडळाची बैठक बसली. शेठनी चष्मा वर करून वाचलं, "मॉनिटरचा ठराव निवडा. खाली आकडे आहेत. एक हजार ऐंशी, चौदाशे चाळीस, एकवीसशे साठ. एकावर खूण करा, शिक्का मारा. काय भानगड आहे, बाई?"

सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी एक क्षणही घेतला नाही.

"सोपं आहे. मॉनिटर म्हणजे वर्गप्रमुख. केंद्रावर देखरेख करायला एक माणूस नेमा आणि तसा रीतसर ठराव करा, असं म्हणतायत."

"आणि आकडे?"

इथं मात्र बाई अडल्या. शेठनी कॅल्क्युलेटर काढला. जरा खुडखुड केली आणि मांडीवर थाप मारली. "दिवस! वर्षाचे तीनशे साठ धरा. एक हजार ऐंशी म्हणजे बरोब्बर तीन वर्षं. चौदाशे चाळीस म्हणजे चार. एकवीसशे साठ म्हणजे सहा. मुदत आहे ही, नेमणुकीची मुदत!"

काय सांगायचं, हिशोब पूर्णांकात सुटला. बाकी शून्य. असा हिशोब सुटला की माणूस देवाचंही ऐकत नाही. शेठचा पुतण्या हर्षल दोन वर्षं घरी बसून मोबाइलवर रील बघत होता, त्याला सहा वर्षांसाठी मॉनिटर करायचं ठरलं. बाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं, 'ठराव क्रमांक १४. केंद्राच्या मॉनिटरपदी श्री. हर्षल यांची २१६० दिवसांसाठी नेमणूक करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.' अर्जावर एकवीसशे साठपुढं खूण झाली, शिक्का बसला. चैती बाहेर कपबशा विसळत होती, पाच पावलांवर. तिला हाक मारून विचारावं हे त्या खोलीतल्या सात शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? तिला हाक मारायची ती चहा आण म्हणून.

दसऱ्यानंतर खोके आले. शेठ, हर्षल, बाई, दोन सभासद, टेम्पोचा ड्रायव्हर, सगळे भोवती उभे. चैतीनं मोठ्या खोक्यावरचं वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाई, हा पडदा कुणी सांगितला? एकवीसशे साठ? फोर के?"

"सांगितला म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"अर्जात विचारलेला असंल ना. मॉनिटर कुठला पायजे." तिनं खोक्यावर बोट ठेवलं. "मॉनिटर म्हंजे हा. पडदा. त्याच्यावर ठिपके किती, त्याला रिझोल्यूशन बोलतात."

बाईंच्या कानशिलातून वाफा निघाल्या. रिझोल्यूशन. ठराव. अरे देवा.

शेठ मात्र अजून उजेडात आले नव्हते. "मग हर्षलचं काय? त्याला तर आम्ही सहा वर्षांसाठी..."

चैतीनं एकदा शेठकडं बघितलं, एकदा हर्षलकडं, आणि मग तिला सगळं एकदम कळलं. तिनं तोंडावर हात दाबला पण हसू काही दबेना. "म्हंजे हर्षलदादाला सहा वरीस पडदा केला काय?"

टेम्पोचा ड्रायव्हर तर खो खो हसत खालीच बसला. दोन सभासद भिंतीकडं वळले, त्यांचे खांदे हलत होते. खुद्द हर्षलही फिस्सकन हसला. हसले नाहीत ते दोघंच, शेठ आणि सुमनबाई. पोरीच्या मनात काडीचं वाईट नव्हतं हो. पण हसू तिच्या तोंडून आधी निघालं, आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी तातडीची बैठक लावली. "ठराव पडद्याचाच होता," ते म्हणाले. "आपण विचार करून, सगळ्यांत मोठा आकडा निवडला. उत्तमातला उत्तम. लिहिण्यात थोडी गडबड झाली असेल. बाई, पान दुरुस्त करा."

बाईंनी पान दुरुस्त केलं. दुरुस्त म्हणजे फाडलं, आणि नवं चिकटवलं. 'केंद्राच्या मॉनिटरचा ठराव २१६० असा राहील. मंडळाच्या परवानगीशिवाय त्यात कोणीही बदल करू नये.' त्याची प्रत पडद्याच्या खालच्या कडेला डकवली गेली, शिक्क्यासह. नऊ वर्षांत बाईंनी इतिवृत्तात एक काना खोटा लिहिला नव्हता. त्या दिवशी अख्खं पान लिहिलं, आणि अक्षर जरासुद्धा बिघडलं नाही, याचंच त्यांना रात्रभर आश्चर्य वाटत राहिलं.

गावात व्हायचं ते झालंच. ड्रायव्हरच्या पोटात गोष्ट राहते थोडीच! हर्षलला लोक 'पडदा' म्हणायला लागले, आणि बाईंना 'मॉनिटरबाई'. भाजीवालीसुद्धा पालक देताना ओठ दाबून हसली. बाईंनी पालक तिथंच ठेवला.

चैती तीन दिवसांनी त्यांच्याकडं आली. "बाई, एवढ्या ठिपक्यांवर खेळता येत नाय."

"का? मोठा आकडा म्हणजे चांगलं ना?"

"पिक्चर बघायला चांगलं. मला बघायचं नाय, मारायचं हाये." ती उकिडवी बसली. "असं बघा. आत जे कार्ड हाये ना, ते चित्र काढतं. ते मधल्या ताकदीचं हाये. आता एकाच बाईला सांगितलं, हे एवढं आंगण सारव, तर ती झपाझप सारवते. चार आंगणं सांगितली तर? शेण तेवढंच, हात दोनच. हा पडदा चौपट हाये. एक हजार ऐंशीवर कार्ड सेकंदाला दीडशे चित्रं काढतं. ह्याच्यावर पस्तीस. समोरचा माणूस मला दिसतो तवर त्यानं मला मारलेला असतो. चौदाशे चाळीसवर एकवेळ भागवलं असतं. पण पडदा बदलायची गरज नाय बाई, सेटिंगमध्ये जाऊन ठिपके कमी करायचे. एक बटण. कुणाला कळणार पन नाय."

बाई शिक्षिका होत्या. असं समजावून सांगणारं पोर वर्गात असतं तर त्यांनी तिला फळ्यापुढं उभं केलं असतं. त्या उठल्या, वाचनालयाची किल्ली घेतली. पडद्यावर नजर ठेवायला शेठनी बसवलेला हर्षल रोज दुपारी दोन तास जेवायला जायचा. त्या दोन तासांत, दार आतून लावून, चैती आकडा खाली आणायची आणि खेळायची, आणि बाई शेजारी बसून वह्या तपासायच्या. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. पोरीची बोटं अशी पडत होती की बघतच राहावं. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कसब कशाला म्हणतात ते कळत होतं.

"निवडली जाशील तू," त्या म्हणाल्या.

"तुमच्यामुळं, बाई."

आता इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला पेढा दिला असता.

निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी बाई दहावीच्या वर्गात गेल्या. फळ्यावर कुणीतरी झकास अक्षरात लिहिलं होतं, 'मॉनिटर : अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा.' चाळीस पोरं माना खाली घालून खदखदत होती. बाईंनी फळा पुसला, धडा उघडला, आणि पाठ फिरवल्यावर मागून पुन्हा तो आवाज आला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वर्गात रडू यावं तसं झालं. आणि त्यांना राग कुणाचा आला म्हणता? शेठचा नाही. पोरांचा नाही. चैतीचा. ती हसली नसती तर कुणाला कळलं असतं? पाड्यावरून आलेली झाडूवाली पोर, आणि माझ्या मराठीला हसते!

रविवारी अकराला फेरी. पडद्यावर एका कोपऱ्यात ठाण्याच्या कंपनीच्या ऋतिका मॅडम दिसत होत्या. निवड त्यांच्याच हातात होती. चैती धुतलेल्या केसांनी, नव्या ड्रेसमध्ये बसलेली. आकडा बाईंच्या देखत तिनं खाली आणून ठेवला होता. एवढ्यात शेठ नारळ घेऊन आले, मागं सभासद, मागं हर्षल. नारळ फुटला. शेठनी पडद्याखालच्या कागदाकडं बघितलं, मग बाईंकडं.

"ठरावाप्रमाणंच आहे ना, बाई?"

शेठना त्या पडद्यावरचं काही कळत नव्हतं. हर्षलचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. बाईंनी नुसती मान हलवायची होती. हो म्हणायलासुद्धा नको. चैतीनं मागं वळून त्यांच्याकडं बघितलं, आणि ती हसली. बिचारी विश्वासानं हसली हो. पण बाईंना दिसलं ते खोक्याजवळचं हसू.

"नाही," बाई म्हणाल्या. "एक हजार ऐंशीवर आहे."

"हर्षल!" शेठ कडाडले.

हर्षलनं माउस हातातून घेतला आणि आकडा वर नेला. त्याला तेवढं बरोबर जमलं.

"शेठ, नको, शेठ," चैती उठली. "पाया पडते. मॅडमना विचारा. मॅडम..."

शेठनी माइकवर हात ठेवला. आवाज न चढवता बोलले, "केंद्राच्या नावानं खेळतेस. नाव काढून घेतलं तर तू कोण? पेपरात तुमच्या वावरच्या उपाशी पोरांचे फोटो यायचे ना, तेव्हा ह्याच मंडळानं तांदूळ पाठवला होता. तुझी आई त्यावर जगली असेल. बस खाली आणि खेळ."

ती बसली. खेळ सुरू झाला की सेटिंगला हात लावता येत नव्हता, लावला तर बाद. पुढची चाळीस मिनिटं सुमनबाईंनी पाहिली. बोटं तीच होती, डोळे तेच. पण पडद्यावरचं चित्र अडखळत होतं, तिनं वळावं आणि चित्रानं मागून यावं. ती मरत होती, उठत होती, पुन्हा मरत होती. तिसऱ्या डावात तिनं ओठ इतका चावला की रक्त आलं. शेठ मागून म्हणाले, "मोबाइलवर चिमण्या मारणं वेगळं." सभासद हसले. ह्या वेळी हसायला सगळ्यांना मोकळीक होती. बाईंना ते बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या न बघवण्यात चमचाभर समाधानही होतं. ते त्यांना स्वतःलाही कळलं.

सोमवारी शाळेत फोन आला. ऋतिका मॅडम होत्या. चैतीच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून अर्जात नंबर बाईंचाच होता.

"मी रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "मुलगी उत्तम आहे, चित्र अडकतंय. तिथं सेटिंग चुकलं होतं का? केंद्रानं तसं एका ओळीचं पत्र दिलं तर गुरुवारी अकरा वाजता मी फेरी परत घेईन. पत्राशिवाय मला घेता येणार नाही."

बाईंना काय वाटलं असेल! देवानं पाप पुसायला फडकं हातात दिलं. त्या मधल्या सुट्टीत पळत वाचनालयात गेल्या, चैती फरशी पुसत होती, तिला त्यांनी उभं केलं आणि सांगितलं. पोरीनं ओल्या हातांनीच बाईंचे पाय धरले. "आई-बा उद्या निघतात भट्टीवर," ती म्हणाली. "त्यांना सांगते, मी येत नाय. टेम्पो जाऊ दे."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी पत्रावर सही घ्यायला त्या शेठच्या दुकानात गेल्या. शेठ खिळे तोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक झाली असं लिहायचं," ते म्हणाले. "लिहा की. पण चूक कुणाची ते विचारतील. मोठा पडदा का मागवला, विचारतील. मग मॉनिटर म्हणजे वर्गप्रमुख, हे कुणी सांगितलं ते निघेल. पान कुणी फाडलं ते निघेल. सही सचिवांची असते, बाई. मी सांगितलं आणि तुम्ही लिहिलं, एवढंच. माझं काय जातंय?" त्यांनी खिळ्यांची पुडी बांधली. "शाळेत आधीच पोरं काय काय म्हणतात म्हणे."

खरंच, गेलं असतं काय? चार दिवसांचं हसं. एक चौकशी, फार तर वही दुसऱ्याकडं. एका बाजूला एवढं, आणि दुसऱ्या बाजूला एका पोरीचा जन्म. तराजू शेठच्या दुकानात समोरच होता, आणि बाईंना आकडे नीट दिसत होते. तरी त्यांनी पेन काढलं.

'दिनांक ९ रोजीच्या फेरीत केंद्राकडून अथवा यंत्रात कोणतीही चूक झालेली नाही. खेळाडूचा सराव कमी पडला, हे नम्रपणे नमूद करीत आहोत.' त्याखाली सही. अक्षर नेहमीसारखंच. शेठनी वाचून मान डोलावली. "काय भाषा आहे तुमची, बाई!" आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाईंना दुकानाच्या गादीवर बसवून चहा पाजला. बाई तो चहा प्यायल्या.

बुधवारी ठाण्याहून उत्तर आलं. नोंद घेतली, जागा मुरबाडच्या मुलाला दिली, केंद्राच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. बाईंनी ते दोनदा वाचलं. दुपारी चैती भेटली, म्हणाली, "बाई, पत्र गेलं?"

"गेलं," बाई म्हणाल्या. खोटं कुठं होतं? पत्र गेलंच होतं.

"आई लय रडली टेम्पोत बसताना. मी बोलली, रडू नको, गुरुवारनंतर तुलाच परत आणते."

गुरुवारी बाईंनी शाळेतून अर्धी रजा काढली. का काढली, त्यांनाच ठाऊक. वाचनालयात गेल्या तर चैती साडेनवापासूनच येऊन बसलेली. केस धुतलेले, तोच नवा ड्रेस, ओठावरची जखम वाळून काळी पडलेली. तिनं पडद्याखालचा कागद काढून नीट घडी करून बाजूला ठेवला होता आणि आकडा एक हजार ऐंशीवर आणला होता. आज तो बदलायला कुणी येणार नव्हतं. शेठ दुकानात होते, हर्षल घरी झोपला होता. चित्र पाण्यासारखं सरळ चालत होतं.

बाई समोरच्या बाकावर बसल्या. आता सांगावं, असं त्यांनी ठरवलं. मग ठरवलं, पाच मिनिटांनी सांगावं. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. पोरीनं एक हात माउसवर आणि एक बटणांवर तयार ठेवला होता, तो तिनं एकदाही उचलला नाही. पावणेबारा वाजता ती मान न वळवता म्हणाली,

"बाई, आपलं घड्याळ पुढं नाय ना?"

सुमनबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग मनगटावरच्या.

"असेल थोडं पुढं," त्या म्हणाल्या. "बस तू. येईल फोन."